कोपऱ्यावरची तीन मजली इमारत

३ मार्च

कारखान्याचे मालक यांस,

पत्र पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. जाण्यासारखं माझ्याकडे आता कोणी उरलेलंही नाही, तेव्हा ती काळजी सोड. कामाचं पत्र आहे, काम लिहून झालं की मी थांबेन.

काल दुपारी दुकानात एक माणूस आला. मला वाटलं चष्म्याची काडी तुटली असेल, कारण इतकं पडलेलं तोंड बहुतेक काडी तुटलेल्यांचंच असतं. त्याने कोर्टाचा कागद पुढे केला, माझी सही घेतली आणि जाता जाता गिऱ्हाइकांच्या आरशात स्वतःचा भांग नीट करून गेला. कागदात मला साक्षीला बोलावलं आहे. दावा बँकेचा, तुझ्यावर आणि कारखान्यावर. बाबांच्या गाद्यांच्या कारखान्याचं नाव कोर्टाच्या कागदावर पाहून पहिल्यांदा मनात आलं, की कुणाला तरी गादीत ढेकूण सापडले असणार.

मग वाचायचा चष्मा लावून सगळं नीट वाचलं. बँक म्हणते, कर्ज काढताना तू ऐपत फुगवून दाखवलीस. गोदामात नसलेल्या गाद्या आहेत म्हणून सांगितलंस, जुन्या यंत्रांना नव्याची किंमत लावलीस, कारखान्याच्या नुसत्या नावालाही किंमत लावलीस. त्यावर विश्वास ठेवून त्यांनी कमी व्याजाने कर्ज दिलं आणि ते आता फिटत नाही. सोबत तू सही केलेली मालमत्तेची यादी जोडली आहे. तिच्यात खालून दुसऱ्या ओळीत लिहिलंय, 'बाजाररस्त्यावर, कोपऱ्यावरची तीन मजली इमारत, तळाला दुकान.' पुढे पत्ता माझा. मालकीच्या रकान्यात बाकी सगळीकडे 'कारखाना' आहे, या एका ओळीत 'आपली'.

अरे, माझं घर कोपऱ्यावर कधी गेलं? कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे, त्याला लागून न्हावी, मग मी. आणि तीन मजले कुठून आणलेस? खाली दुकान, वर दोन खोल्या, त्यांच्या डोक्यावर पत्र्याची खोली. तुझे भावोजी तिच्यात जुन्या फ्रेमा टाकायचे आणि दर वेळी डोकं आपटून खाली यायचे. तिला मजला म्हणणारा तू पहिलाच.

बँकेचे वकील फोनवर सभ्यपणे बोलले. म्हणाले, "बाई, दिवाणी दावा आहे, कोणी कोणाला तुरुंगात घालणार नाही. पण गादीची किंमत जास्त लावली तर अंदाज चुकला म्हणता येतं. दुसऱ्याचं घर आपलं म्हणून लिहिलं, तर त्याला अंदाज म्हणत नाहीत." घर माझं आहे असं मी कोर्टात म्हणाले तर तुझी यादी खोटी ठरते आणि कारखाना जातो. घर कारखान्याचं आहे असं म्हणाले तर तू त्या ओळीपुरता सुटतोस, पण मग वसुलीत माझं घर जातं. मी विचारलं, तिसरं काही नाही का. ते म्हणाले, नाही.

तेव्हा एवढंच कळव, की ही ओळ यादीत आली कशी. टंकणाऱ्याची चूक असेल तर तसं सांग. चूक समजून घेण्याइतकी अक्कल मला आहे.

बाकी माझं उत्तम चाललं आहे. दुकानात सारखी वर्दळ असते, बसायला फुरसत मिळत नाही. म्हणून पत्र आटोपतं घेते.

चष्म्याच्या दुकानाची मालकीण
(आणि तुझी थोरली बहीण, हे रकान्यात कुठे बसत असेल तर)


२२ मार्च

कापश्या,

मालक म्हणून लिहिलं तर उत्तर आलं नाही, म्हणून जुन्या नावाने लिहिते. पिंजलेल्या कापसाच्या ढिगात झोपायचास आणि नाकाच्या शेंड्यापासून पापण्यांपर्यंत पांढरा होऊन बाहेर यायचास. आई ओरडायची आणि बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या गादीत मुलगासुद्धा भरून मिळतो." हे नाव मी सोडून आता कोणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

परवा घराची किंमत ठरवणारा माणूस येऊन गेला, बँकेने पाठवलेला. फीत घेऊन जिना मोजला, खोल्या मोजल्या, पत्र्याच्या खोलीत शिरताना मी "डोकं" म्हणेपर्यंत आपटलासुद्धा. कपाळ चोळत त्याने वहीत लिहिलं, 'माळा'. म्हणजे एक मजला तिथेच गेला. मग रस्त्यावर उतरून औषधांच्या दुकानाकडे आणि माझ्याकडे आलटून पालटून बघत राहिला. मी वरून सांगितलं, "कोपरा तो. मी कोपऱ्याच्या शेजारच्या शेजारी."

मागच्या खोलीत त्याला प्लास्टिकच्या आवरणातली नवी कोरी गादी दिसली. भावोजी गेले तेव्हा तू पाठवलेली. त्याने हाताने दाबून पाहिली आणि विचारलं, "इतकी चांगली गादी, वापरत का नाही?" मी म्हटलं, "तीन मजल्यांचं घर आहे, कुठे कुठे झोपणार?" बिचारा हसला. त्याला चहा दिला, मग दुसरा दिला, मग त्याच्या चष्म्याचे स्क्रू घट्ट करून दिले. नंतर न्हाव्याने मला सांगितलं, की तो माणूस त्याच्याकडे म्हणत होता, "बाई सोडायलाच तयार नव्हत्या." लोकांना माणुसकीची सवय राहिली नाही.

तो गेल्यावर यादी पुन्हा काढून बसले आणि या वेळी सहीखालची तारीख पाहिली. ती पहिल्यांदाच का पाहिली नाही, असं मग वाटलं. आता जरा नीट ऐक, आणि पत्र बाजूला ठेवू नकोस.

आपल्या घरात सगळंच 'आपलं' असायचं, आठवतं ना. गोदाम भाड्याचं, तरी बाबा घरमालकाच्या तोंडावर त्याला आपलं गोदाम म्हणायचे. समोर थांबणारी ती आपली बस. शेजारच्यांच्या अंगणातला तो आपला नळ. माझं लग्न झालं आणि बाबा पहिल्यांदा इथे आले, तर आल्या आल्या रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला सांगू लागले, "हे आपलं चष्म्याचं दुकान." भावोजींना किती हसू आलं होतं. तेही मग तुला तसंच म्हणायचे. दर आठवड्याला जेवायला यायचास तेव्हा दारातून ओरडायचे, "या, आपलंच घर समजा."

पुढे ते आजारी पडले. इस्पितळाच्या खर्चात मी बुडत होते आणि हात पसरायला तुझ्याकडे आले. तू मला आत नेलं नाहीस. फाटकाशी, नमुन्याच्या गाद्या रचलेल्या होत्या तिथे उभा राहिलास आणि गादीच्या शिवणीशी चाळा करत म्हणालास, "ताई, आमचं सध्या फार कठीण चाललंय."

आमचं. तुझ्या लक्षातही आलं नसेल. पण मी त्या घरात जन्मलेली आहे, मला तो शब्द तिथे पहिल्यांदा ऐकू आला. आपलं म्हणजे माझ्यासकट. आमचं म्हणजे मला वगळून. मी बरं म्हटलं आणि परतले, काचा कापायचं यंत्र विकलं, आणि तरी ते गेले. तेव्हापासून मी काचा दगडावर हाताने घासते आणि तुझ्या फाटकाशी आलेली नाही.

तर ती तारीख. मंगळवारी तू मला 'आमचं' म्हणालास आणि त्याच शुक्रवारी माझं घर 'आपलं' म्हणून लिहिलंस. मी मागायला आले तेव्हा परकी, आणि तू मागायला गेलास तेव्हा आपली. याला काय म्हणायचं ते मी कोर्टासमोर म्हणू शकेन, पण तुझ्यासमोर म्हणायला मला जास्त आवडेल.

आणि एक सांगायचं होतं. सांगू की नको, असं करत इतकं लिहिलं. ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मला राग आला नाही. राग नंतर, तारीख पाहिल्यावर आला. आधी बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत मला कोणी कशात धरलं नव्हतं. दुकान बंद केल्यावर मी ती ओळ मोठ्याने वाचून पाहिली. हे वाचून हसलास तर हस.

ताई


९ एप्रिल

कापश्या,

काल फोन आला तेव्हा मी सावध नव्हते, म्हणून जे बोलायचं ते राहिलं. ते लिहिते.

चष्म्याच्या दुकानात फोन करून "चष्मे मिळतात का" असं विचारणारा माणूस आपल्याच घरातला असणार, हे मी लगेच ओळखलं. पण तू "ताई" म्हणेपर्यंत मी ओळख दाखवली नाही. ऐकायचं होतं.

"पत्रं मिळाली," म्हणालास.

"मिळायलाच हवीत. तिकिटं लावली होती."

"तब्येत कशी आहे?"

"कोणाची?"

"तुझी गं."

तुझ्या मागे यंत्रांचा आवाज ऐकू येत नव्हता. पूर्वी कारखान्यातून फोन केलास की अर्धं बोलणं ओरडूनच व्हायचं.

मग तू कामाचं बोललास. "आमचे वकील म्हणतात, तुला खोटं बोलायची काही गरज नाही. माझं म्हणू नकोस, कारखान्याचंही म्हणू नकोस. यादीत काय लिहिलंय, 'आपली'. तू पण नुसतं 'आपलं आहे' म्हण. खोटं आहे का ते? पुढचं ते बघतील."

"आणि घर गेलं तर?"

"नाही जाणार. मी आहे ना."

"कुठे आहेस तू?" मी विचारलं.

"कारखान्यात," तू म्हणालास. मी ते विचारत नव्हते.

आणि शेवटी फोन ठेवता ठेवता म्हणालास, "ही पण तुझी रोज आठवण काढते." कापश्या, बाबांनी आपल्याला गादी कशी पारखायची शिकवलं होतं? कोपर रोवायचं. भरीव असेल तर कोपराला खालून उत्तर मिळतं. या वाक्यात माझं कोपर थेट जमिनीला टेकलं. वहिनीने माझी रोज आठवण काढली असती तर इतक्या वर्षांत उचक्या लागून लागून मला दवाखाना गाठावा लागला असता.

पण "तुझी गं" हे भरीव होतं. ते मी दोनदा दाबून पाहिलं.

मी विचार करते म्हटलं आणि खरंच करते आहे. फोन ठेवला आणि शाळेतल्या मास्तरांच्या काचेची कड घासायला बसले, तर घासता घासता काच इतकी लहान झाली की फ्रेममधून आरपार खाली पडली. नवी काच मागवली, तिचा खर्च माझ्या अंगावर. मास्तर म्हणाले, आज तुमचं लक्ष नाही. मी म्हटलं, भावाचा फोन होता. ते म्हणाले, तुम्हाला भाऊ आहे?

तुझे वकील हुशार आहेत, हे मी मान्य करते. शब्द बिनचूक निवडला. काल दुपारपासून मी तो म्हणून बघते आहे. शोकेसमध्ये फ्रेमा घातलेली लाकडी डोकी आहेत, त्यांच्यासमोर उभी राहून म्हणते, "घर आपलं आहे." सोपं जातं. जिभेला सवय आहे. घर गेलं तरी चालेल, असंही मनात येऊन गेलं. घर जाईल आणि तू येशील, असा काहीतरी खुळा हिशेब. घर गेल्यावर तू येणार तरी कुठे, हे नंतर सुचलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, की दुकानात सारखी वर्दळ असते. नसते. दिवसाला दोन-तीन माणसं येतात, पुढच्या चौकात मोठं दुकान झाल्यापासून ती सुद्धा कधी येतात कधी नाही. मीही ऐपत फुगवूनच दाखवली होती. संध्याकाळी सहानंतर माझा स्वतःचा आवाज मला दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत ऐकू येत नाही. कधी कधी भाव सांगताना घसा आधी खाकरावा लागतो. हे बँकेला सांगू नकोस.

साक्ष तीस तारखेला आहे. काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही. तू त्याआधी एकदा आलास, फोन नव्हे, स्वतः आलास, तर ठरवायला सोपं जाईल. याला अट समजू नकोस.

ताई


२ मे

कापश्या,

तू आला नाहीस. ते असो, तुलाही घरातून निघताना काय काय ऐकावं लागत असेल.

परवा कोर्टात जे झालं ते तू पाहिलंसच. पण तू माझ्या बाजूला बसलेला नव्हतास, म्हणून माझ्या बाजूने ते कसं झालं हे लिहिते. तुझा त्यावर हक्क आहे असं मला वाटतं.

मी लवकर पोचले होते. डब्यात दोघांचं घेतलं होतं, मधल्या सुट्टीत बघू म्हणून. तू वकिलांबरोबर आलास आणि पलीकडच्या बाकावर बसलास. मी तुला चष्म्यावरून ओळखलं म्हटलं तर तुला राग येईल, पण चालीवरून खरंच ओळखलं नाही. तू बाबांसारखा चालायला लागला आहेस, एक खांदा पुढे टाकून. चष्मा कोणाकडून बसवून घेतलास? सारखा नाकावरून घसरत होता आणि तू तो मधल्या बोटाने वर सारत होतास. मला उठून तिकडे यावंसं वाटत होतं, पण तुझ्या वकिलांनी माझ्याकडे पाहून मान अशी हलवली की मी बसून राहिले.

घरून निघताना मी 'आपलं' म्हणायचं ठरवून निघाले होते. हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहिते. रस्ताभर तेच घोकत आले होते.

माझ्या आधी तो हिशेबनीस उभा राहिला, बँकेने नेमलेला. त्याचा आवाज इतका कोरडा होता की अर्धी माणसं पेंगत होती. तो एकेक वर्ष घेऊन कारखान्याची खरी परिस्थिती वाचत होता. मग ते वर्ष आलं. भावोजींच्या आजारपणाचं. तो वाचत गेला, की त्या महिन्यात कारखान्यात कापूस उधारीवर होता, कामगारांचे पगार थकले होते, गोदाम रिकामं होतं, मालकाने घरातला सोन्याचा डाग मोडला होता. आणि हे असं असताना बँकेला मात्र भरभराट दाखवली, असं तो म्हणाला. बँकेचे वकील खुश झाले. त्यांच्या दृष्टीने लबाडी तिथे पुरी पकडली गेली होती.

माझ्या कानात दुसरंच वाजत होतं. "ताई, आमचं सध्या फार कठीण चाललंय." ते खरं होतं. त्या आठवड्यात तू बँकेशी खोटं बोललास, कामगारांना थापा मारल्यास, बायकोलाही सगळं सांगितलं नसशील. सगळ्या जगात मला एकटीला खरं सांगितलंस. फाटकाशी उभं राहून, शिवण उसवत. आणि मी घरी येऊन तुझ्या एका शब्दाला धरून बसले. शब्द मला लागला होता, अजून लागतो, ते काही मी मागे घेत नाही. पण वाक्य खरं होतं रे.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

बँकेच्या वकिलांनी नेहमीचं विचारलं, मग यादी समोर धरली. "ही इमारत, म्हणजे हे घर, कोणाचं?"

मी तुझ्याकडे पाहिलं. तू चष्मा वर सारत होतास. घोकलेला शब्द अगदी ओठावर होता. पण ज्याने आयुष्यात एकदा मला खरं सांगितलं, आणि मी त्याला खोटारडा ठरवून बसले, त्याच्यासमोर उभं राहून मला खोटं बोलवेना.

"माझं," मी म्हणाले.

मग तुझे वकील उठले. ते चिडले होते, पण हसतमुखाने. "बाई, हे घर आपलं आहे, असं तुम्ही आणि तुमचे यजमान तुमच्या भावाला म्हणत होतात की नाही? आठवून सांगा."

"आठवायला कशाला हवं? म्हणत होतो. तो जेवायला यायचा तेव्हा."

"म्हणजे घर आपलं होतं."

"वकीलसाहेब, तुम्ही आलात तर तुम्हालाही म्हणेन, आपलंच घर समजा. समजा म्हटलं म्हणजे लिहून दिलं असं होत नाही."

सगळे हसले, न्यायाधीशसुद्धा. मला वाटलं तू तरी हसशील. तू खाली बघत होतास. तेव्हा मला कळलं, की मी कोर्टात सगळ्यांना हसवून तुझा कारखाना घालवला. बाबांचा कारखाना. मी खाली उतरले आणि बाहेर आले.

व्हरांड्यात तू जवळ आलास. मी शिव्या खायच्या तयारीत होते. तू म्हणालास, "रात्री यादी करायला बसलो होतो. आपलं काय काय आहे ते लिहीत गेलो. तुझं घर ओघात आलं, ताई. किंमत वाढवायला नव्हतं घातलं." मी विचारलं, "खरं?" तेवढ्यात तुझ्या वकिलांनी तुला दंडाला धरून नेलं. तू मागे वळून काहीतरी म्हणालास, पण मधून माणसांचा लोंढा गेला.

तुझं ते बोलणं मी अजून दाबून पाहिलेलं नाही. तीन मजले कुठून आले आणि कोपरा कुठून आला, हे विचारलं तर त्याचं उत्तर काय येईल ते मला माहीत आहे. म्हणून विचारत नाही.

डबा घरी आणला. दोघांचं एकटीने दोन वेळा खाल्लं.

ताई


१४ ऑक्टोबर

कापश्या,

मे महिन्यातलं पत्र परत आलं. पाकिटावर शेरा होता, 'कारखाना बंद, मालक पत्त्यावर नाही.' त्यानंतर घराच्या पत्त्यावर पाठवलं तर तेही परत आलं. न्हावी म्हणाला, तुमच्या भावाचं घर बँकेने घेतलं ना, पेपरात आलं होतं. म्हणजे माझ्या भावाची बातमी मला न्हाव्याकडून. त्याने सांगितलं, की तुम्ही आता भाड्याच्या दोन खोल्यांत राहता, गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि वहिनी काही दिवस माहेरी गेल्या आहेत. काही दिवस म्हणजे किती, हे त्याला माहीत नाही. तुझा पत्ताही त्याला माहीत नाही. म्हणून हे पत्र बँकेच्या वकिलांच्या हाती देते आहे. ते म्हणाले, असं करायची पद्धत नाही, पण देतो.

काल ते दुकानात आले होते. मला वाटलं चष्म्यासाठी, तर पिशवीतून कागद काढला. कोर्टाने तुला सांगितलंय म्हणे, की आता खरी यादी दे. जे आहे तेवढंच, जसं आहे तसं. ती तू दिली आहेस. तिच्यात माझं काही चुकून आलेलं नाही ना, एवढं पाहून मी खाली सही करायची होती. पहिल्या वेळी घोटाळा झाला म्हणून ही काळजी.

मी वाचायचा चष्मा लावला. एक पान पण नाही भरलेलं. जुनी गाडी, किंमत कमी लावली आहेस, टायर गेले असतील. लाकडी कपाट. बाबांचं मनगटी घड्याळ, 'बंद' असं पुढे लिहिलंय. घरातली भांडी. शिलाईचं एक यंत्र. काही गाद्या, 'डाग पडलेल्या'. मालकीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द, 'स्वतःची'. 'स्वतःचं'. 'स्वतःचे'. अक्षर तुझंच. या वेळी टंकायला कोणी नव्हतं वाटतं.

मी ती वरून खाली वाचली आणि पुन्हा वर गेले. वकील म्हणाले, "बाई, तुमचं काही नाही ना त्यात?" मी म्हटलं, "बघते आहे." कुठे काही नव्हतं. नसायलाच हवं होतं, मीच तर भर कोर्टात सांगितलं होतं तसं. ही तुझी पहिली खरी यादी, आणि तिच्यात मी कुठेच नाही.

वकिलांना वाटलं मला अक्षर लागत नाही, ते वाचून दाखवू लागले. मी म्हटलं, नको, सगळं बरोबर आहे. सही केली. ते पाणी हवं का विचारत होते.

तुझ्यावर माझा राग नाही, आणि तुझा माझ्यावर असेल तर तो असू दे, त्याच्यासकट चालेल. तू परतफेड म्हणून ये, माफी मागायला ये, भांडायला ये, यातलं काहीच मी म्हणत नाही. मला कोणाशी तरी जेवायचं आहे. एवढंच आहे ते. हे इतक्या सरळ लिहायला मला पाच पत्रं लागली.

दिवसा आलास तर मी दुकानातच असते. संध्याकाळनंतर आलास तर मी वर असेन. घंटी बिघडली आहे, दुरुस्तीला कोणाला बोलावलं नाही, वाजवणारं कोणी नव्हतं. तेव्हा रस्त्यावरूनच हाक मार. हाकेची माझी सवय मोडली आहे, पहिल्या हाकेला ओ आली नाही तर मागे फिरू नकोस. परत मार.

ताई